मानेच्या एमआरआयचा खर्च मेडिक्लेममधून मिळवायचा कसा: पहिल्यांदाच क्लेम करणाऱ्यांसाठी

मानेला मार लागला की डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, 'एमआरआय सर्व्हायकल स्पाइन'. खासगी सेंटरवर त्याचं बिल सहा-सात हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत कुठेही जातं. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "मेडिक्लेम आहे ना, मग कसलं टेन्शन?" आणि महिन्याभराने कंपनीचं पत्र येतं: 'क्लेम देय नाही.'

दीर मोटरसायकलवरून पडले तेव्हापासून आमच्या घरातली ही फाइल माझ्याकडे आहे. त्यानंतर शेजारच्यांच्या, ऑफिसातल्यांच्या अशा बऱ्याच फायली चाळल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. नेहमीचा मेडिक्लेम तपासणीचे पैसे देत नाही, उपचाराचे देतो. तपासणी आली तर ती उपचाराचं बोट धरून येते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती डोक्यात ठेवूनच वाचा.

१. आधी मान, मग पॉलिसी

हातापायाला मुंग्या, हाताची पकड सैल पडणं, चालताना तोल जाणं, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, मानेच्या मागे मधोमध हाडावर दाबल्यावर कळ येणं, डोक्यालाही मार असणं. यातलं काहीही असेल तर क्लेमचा विचार बाजूला ठेवा आणि कॅज्युअल्टी गाठा. महाराष्ट्रात १०८ला फोन केला की सरकारी रुग्णवाहिका येते. तोवर माणसाला 'जरा मान फिरवून बघ' असं सांगू नका, आणि मान 'बसवून' देणाऱ्याकडे तर अजिबात नेऊ नका.

कुठली तपासणी करायची हे डॉक्टर ठरवतात, पण ढोबळ फरक माहीत असलेला बरा. हाड मोडलंय का हे बघायला एक्सरे, आणि त्याहून नीट बघायला सीटी. डिस्क, लिगामेंट आणि मज्जारज्जू बघायला एमआरआय. त्यामुळे कॅज्युअल्टीत आधी सीटी आणि नंतर एमआरआय असं दोन्ही झालं तर ते उगाच केलेलं नसतं. कंपनीने 'दोन्ही कशाला?' असं विचारलंच तर उत्तर हेच, फक्त ते डॉक्टरांच्या लेटरहेडवर हवं.

अपघात रस्त्यावरचा आणि मोटार वाहनाशी संबंधित असेल तर एक सरकारी योजना लक्षात ठेवा. मे २०२५पासून रस्ते अपघातातल्या जखमींना नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. त्यासाठी तुमच्याकडे मेडिक्लेम असण्याची अट नाही. जवळचं नेमलेलं रुग्णालय कोणतं, हे ११२वर विचारता येतं.

२. पहिला कागद तिथेच उभं राहून वाचा

फाइलमधला सगळ्यात वजनदार कागद म्हणजे कॅज्युअल्टीचा किंवा ओपीडीचा पहिला केसपेपर. एमआरआयच्या रिपोर्टहूनही वजनदार. कंपनीच्या डॉक्टरने तुमची मान पाहिलेली नसते, तो फक्त हा कागद बघतो.

गर्दीच्या वेळी ड्यूटीवरचा डॉक्टर लिहून मोकळा होतो: 'नेक पेन, दोन दिवसांपासून.' बास. यात अपघात कुठे आहे? कंपनीच्या नजरेत ही रोजची मानदुखी झाली. हेच जर 'काल संध्याकाळी दुचाकीवरून पडून मानेला मार, तेव्हापासून उजव्या हातात मुंग्या, मानेच्या हालचाली दुखऱ्या' असं असेल, तर पुढे एमआरआय का सांगितला हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून खिडकीवरून हलायच्या आधीच म्हणा, "डॉक्टर, कसा पडलो आणि कधी, तेवढं लिहा ना, क्लेमला लागेल." बहुतेक जण लिहून देतात. आठवड्याने गेलात तर तो डॉक्टर सुट्टीवर असतो आणि कागदावर नवी ओळ घालायला कुणी धजत नाही.

त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी बघा. रस्ता अपघात असेल तर एमएलसी (पोलिसांना कळवलेल्या केसचा) नंबर पडलाय का. आणि दारूबद्दल काही शेरा आहे का. 'स्मेल ऑफ अल्कोहोल' असा शेरा असला की व्यसनाच्या अपवादाखाली क्लेम अडवला जाण्याची भीती असते. शेरा चुकीचा असेल तर त्याच दिवशी, त्याच डॉक्टरकडून दुरुस्त करून सहीशिक्क्यासह घ्या.

एक सावधगिरी. विम्याच्या भाषेत अपघात म्हणजे अचानक, अनपेक्षित, आपल्या इच्छेविरुद्ध घडलेली आणि बाहेरच्या, दिसणाऱ्या, जोरकस कारणाने झालेली घटना. जिन्यावरून घसरलात, खड्ड्यात गाडी आपटली, मागून गाडीने ठोकलं, हे अपघात. सकाळी उठलात आणि मान धरली होती, हा अपघात नाही. त्याला अपघाताचा मुलामा देऊ नका. खोटी हकीकत दिली म्हणून फक्त हा क्लेम जात नाही, अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते.

३. पॉलिसीचं पुस्तक कुठे उघडायचं

चाळीस पानं वाचत बसू नका. शेड्यूल, म्हणजे तुमच्या नावाचं आणि रकमेचं पान, आणि अपवादांची पानं एवढं पुरे. आयआरडीएने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, नेहमीचे अपवाद सगळ्या कंपन्यांसाठी एकाच शब्दांत आणि एकाच क्रमांकाने ठरवून दिलेत, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, क्रमांक तेच.

०४ क्रमांकाचा अपवाद आपल्या विषयाचा मूळ पुरुष आहे. मुख्यतः तपासणीसाठीच रुग्णालयात भरती झालात तर तो खर्च मिळत नाही. आणि चालू निदानाशी, उपचाराशी संबंध नसलेली तपासणीही मिळत नाही.

०३ म्हणजे पॉलिसी घेतल्यावरचे पहिले ३० दिवस. त्या काळातलं आजारपण मिळत नाही, अपघात मिळतो. ०२ म्हणजे ठरावीक आजारांची प्रतीक्षा, बऱ्याच पॉलिसीत २४ महिने; तेवढा काळ त्या आजारांचा क्लेम मिळत नाही. त्या यादीत स्पॉन्डिलोसिस (मणक्यांची झीज) आणि सरकलेली डिस्क हमखास असतात. पण त्याच कलमात स्पष्ट वाक्य आहे की अपघातामुळे आलेल्या क्लेमला ही प्रतीक्षा लागू नाही. या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवा, पुढे कामाला येईल.

मग 'प्री-हॉस्पिटलायझेशन' आणि 'पोस्ट-हॉस्पिटलायझेशन'चे दिवस बघा. आरोग्य संजीवनी या सगळीकडे सारख्या असलेल्या पॉलिसीत ते भरतीच्या आधीचे ३० आणि सुट्टीनंतरचे ६० दिवस आहेत. इतर पॉलिसीत आधीचे ६० आणि नंतरचे ९० किंवा त्याहून जास्तही असतात. शेवटी 'ओपीडी' हा शब्द शोधा. तो सापडला तर तुम्ही नशीबवान.

४. तुमची केस कोणत्या रस्त्याने जाते

*भरती झालात आणि भरतीतच स्कॅन झाला.* सगळ्यात सोपं. किमान २४ तासांची भरती, उपचार चालू, स्कॅन त्याचाच भाग. रुग्णालयात एमआरआयचं मशीन नसेल आणि रुग्णवाहिकेने बाहेरच्या सेंटरवर पाठवलं, तरी तो खर्च भरतीतलाच. मात्र ते बिल कॅशलेसमध्ये येईलच असं नाही. सेंटरवर स्वतः भरलेत तर डॉक्टरांची चिठ्ठी, रुग्णाच्या नावाचं बिल आणि पैसे भरल्याची पावती घ्या आणि नंतर रिइम्बर्समेंट, म्हणजे भरलेल्या पैशांची परतफेड, मागा.

इथे एक बारीक मुद्दा, जो टीपीए डेस्कवर (रुग्णालयातल्या विम्याच्या काउंटरवर) कुणी आपणहून सांगणार नाही. पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की कंपनी बिलातल्या बाकीच्या खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लावते. पण तपासण्या, औषधं आणि इम्प्लांट यांना ही कात्री लावायची नाही, असा आयआरडीएचा २०२०पासूनचा नियम आहे. सेटलमेंटच्या पत्रकात एमआरआयसमोर 'प्रपोर्शनेट डिडक्शन' दिसलं तर लगेच लेखी हरकत घ्या.

*आधी स्कॅन, मग भरती.* मानेच्या बाबतीत हे फार होतं. ओपीडीत दाखवलं, एमआरआय केला, त्यात नस दबलेली दिसली आणि दोन-तीन आठवड्यांनी ऑपरेशन ठरलं किंवा मानेत इंजेक्शन द्यायचं ठरलं. इंजेक्शन डे-केअर (दिवसाभरात उरकणारा उपचार) म्हणून पॉलिसीत बसत असेल तर २४ तासांची अटही लागत नाही. त्याच दुखण्यासाठी भरती झाली आणि भरतीचा क्लेम मंजूर झाला, तर आधीच्या ३० किंवा ६० दिवसांतला एमआरआय, एक्सरे, डॉक्टरांची फी, गोळ्या, सगळं मागता येतं. म्हणून मानेचं दुखणं सुरू झाल्यापासूनची एकही पावती टाकू नका, भले तेव्हा भरतीचं नावही नसो. मुदतीची तारीख भरतीच्या दिवसापासून मागे मोजायची. ऑपरेशन पुढे ढकलता ढकलता एमआरआय मुदतीबाहेर गेलेले लोक मी पाहिलेत.

*भरती झालीच नाही.* पट्टा दिला, गोळ्या दिल्या, फिजिओथेरपी सांगितली, घरी पाठवलं. मानेच्या बहुतेक दुखापती अशाच बऱ्या होतात आणि नेहमीच्या मेडिक्लेममधून त्यांना रुपयाही मिळत नाही. मग इथे बघा:

- ओपीडी कव्हर. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत कधीकधी असतं आणि लोकांना पत्ताच नसतो. एचआरला मेल टाका.
- ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यांना लागू. पण परस्पर बाहेर एमआरआय करून बिल घेऊन गेलात तर अडचण. इमर्जन्सी सोडली तर आधी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी.
- दुसऱ्याच्या गाडीने ठोकलं असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वैद्यकीय खर्चही मागता येतो, ओपीडीतला एमआरआय धरून. एफआयआर लागतो, कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. वकिलाकडे लवकर जा.

वैयक्तिक अपघात विम्याबद्दल लोकांची भलतीच समजूत असते. गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी. एमआरआयचं बिल त्यात चालत नाही.

५. 'एक दिवस ॲडमिट व्हा, बसवून देतो'

हा सल्ला तुम्हाला मिळणारच. एजंटकडून मिळेल, ओळखीच्या भाऊसाहेबांकडून मिळेल, क्वचित रुग्णालयाच्या काउंटरवरूनही मिळेल. वरवर बघता शहाणपणाचा वाटतो: ओपीडीत एमआरआय मिळत नाही, भरतीत मिळतो, मग एक रात्र झोपा की!

पण अशी फाइल कंपनीच्या टेबलावर कशी दिसते बघा. भरती संध्याकाळी सात, डिस्चार्ज दुसऱ्या दिवशी साडेसात. मधल्या काळात सलाइन एक, वेदनाशामक गोळ्या ज्या घरीही घेता आल्या असत्या, आणि एमआरआय. नर्सिंग चार्टवर नाडी, रक्तदाब, सगळं नॉर्मल. हे वाचून कंपनीचा माणूस ०४ क्रमांक टाकतो आणि फाइल बंद करतो. दहा हजारांच्या एमआरआयसाठी आता भरतीचे पंधरा-वीस हजारही तुमच्याच खिशातून गेले. शिवाय कंपनीच्या नोंदीत तुमच्या नावावर एक नाकारलेला क्लेम आणि पुढच्या वेळी जास्त बारीक नजर.

खरी गरज असेल तर डॉक्टर भरती करतातच: हातातली ताकद कमी झालीय, शिरेतून औषध द्यायचंय, नसांची तपासणी दर काही तासांनी करायचीय, फ्रॅक्चरची शंका असल्याने मान हलू द्यायची नाही. ही कारणं ॲडमिशन नोटमध्ये शब्दांत उतरली पाहिजेत. 'ॲडमिटेड फॉर एमआरआय अँड इव्हॅल्युएशन' ही ओळ मात्र क्लेमच्या मुळावर येते. डिस्चार्ज कार्डवर तशी ओळ असेल आणि प्रत्यक्षात उपचार झाले असतील, तर सुट्टी घेण्याआधीच डॉक्टरांकडून काय उपचार दिले ते लिहून घ्या.

६. कॅशलेस

पॉलिसीचं कार्ड, आधार आणि पॅन घेऊन टीपीए डेस्कवर जा. ठरवून भरती असेल तर दोन दिवस आधी, अचानक भरती असेल तर २४ तासांच्या आत कळवायचं, असं साधारण सगळ्या पॉलिसींत असतं. आयआरडीएच्या २०२४च्या परिपत्रकानुसार कंपनीने कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. उशीर झाला तर हा नियम नाव घेऊन सांगा, फरक पडतो. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नव्हे. पैसे भरा आणि रिइम्बर्समेंटला जा.

७. फाइलमध्ये काय काय लागतं

- क्लेम फॉर्म: भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब रुग्णालय
- पहिला केसपेपर आणि एमएलसीची प्रत, असल्यास एफआयआर
- प्रत्येक तपासणीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी, तारखेसह (ही नसली की बिल बाद)
- एक्सरे, सीटी, एमआरआयचे रिपोर्ट, मागितल्यास फिल्म किंवा सीडी
- बिलं आणि पैसे भरल्याच्या पावत्या. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत
- डिस्चार्ज कार्ड आणि बिलाची फोड
- कॅन्सल्ड चेक, केवायसीचे कागद

चिठ्ठीची तारीख स्कॅनच्या आधीची किंवा त्याच दिवसाची हवी. नाव सगळीकडे सारखं हवं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि एमआरआयवर नाही, एवढ्यावरूनही क्वेरी येते. मूळ कागद देण्याआधी सगळ्याचे फोटो काढा आणि पोच घ्या. आरोग्य संजीवनीत भरतीची बिलं सुट्टीनंतर ३० दिवसांत आणि नंतरच्या काळातली बिलं तो काळ संपल्यापासून १५ दिवसांत द्यायची असतात. तुमच्या पॉलिसीतले दिवस एकदा ताडून बघा.

दोन पॉलिसी असतील तर आधी एकीकडे क्लेम करा. तिथून सेटलमेंटचं पत्र आणि कागदांच्या शिक्का मारलेल्या प्रती घेऊन उरलेल्या रकमेसाठी दुसरीकडे जा.

८. रिपोर्टमधला 'डीजनरेटिव्ह' हा शब्द

चाळिशी उलटलेल्या कुणाच्याही मानेचा एमआरआय काढा, त्यात 'डीजनरेटिव्ह चेंजेस', 'सी ५-सी ६ डिस्क ऑस्टिओफाइट कॉम्प्लेक्स' असं काहीतरी बहुतेक वेळा निघतं. वयाने मणक्यांची झीज होते, त्रास मात्र सगळ्यांना होतो असं नाही. तुम्ही पडलात, हाताला मुंग्या आल्या, आणि रिपोर्टमध्ये ही ओळ आली की कंपनी म्हणते, हे तर जुनं स्पॉन्डिलोसिस, प्रतीक्षा संपलेली नाही. मानेचे क्लेम या एका शब्दावर जितके अडकतात तितके दुसऱ्या कशावर अडकत नसतील.

याची तयारी स्कॅनच्या आधी करायची. चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय सर्व्हायकल' नको, 'अपघातानंतर, उजव्या हातात मुंग्या' असा इतिहास हवा, म्हणजे रेडिओलॉजिस्टही ताज्या दुखापतीच्या खुणा शोधून लिहितो. एमआरआयमध्ये 'स्टर' नावाचा एक क्रम असतो, त्यात हाडातली आणि लिगामेंटमधली ताजी सूज उजळून दिसते. तो घेणार का, हे सेंटरवर विचारायला लाजू नका. ताजी सूज रिपोर्टमध्ये आली तर जुनं-नवं हा वाद बराचसा तिथेच मिटतो. ती नसली म्हणजे दुखापत नव्हती असंही नाही.

रिपोर्ट आल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून एक प्रमाणपत्र घ्या. त्यात तीन गोष्टी: अमुक तारखेच्या अपघाताआधी रुग्णाला मानेचा त्रास नव्हता, सध्याची लक्षणं अपघातानंतर सुरू झाली, आणि रिपोर्टमधली झीज वयानुसार असून आताच्या उपचाराचं कारण नाही. अर्थात हे खरं असेल तरच. दोन वर्षांपूर्वी मानेसाठी फिजिओथेरपी घेतली असेल आणि ते पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये सांगितलं नसेल, तर डॉक्टर असं लिहूनही देणार नाहीत आणि त्यांनी तसं लिहून देऊही नये.

९. नाकारला तर

फोनवर वाद घालू नका. नकाराचं पत्र मागा, त्यात पॉलिसीचं नेमकं कलम असलंच पाहिजे. कंपनीच्या रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारायचा नाही, असाही २०२४चा नियम आहे. मग त्या एका कलमाला उत्तर द्या. ०४ लावलाय तर उपचारांची यादी आणि ॲडमिशन नोट. ०२ लावलाय तर अपघाताची सूट सांगणारं वाक्य, पहिला केसपेपर आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र. दीड पानाचं पत्र पुरतं. व्यथा कमी, तारखा जास्त.

हे पत्र कंपनीच्या ग्रीव्हन्स (तक्रार निवारण) अधिकाऱ्याला मेलने पाठवा आणि सोबत आयआरडीएच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवा, फोन १५५२५५. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत. तुमचा पत्ता कोणाकडे येतो ते लोकपालांच्या संकेतस्थळावर दिसतं, तक्रारही तिथेच ऑनलाइन भरता येते. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. निवाडा पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहतो. तिथे मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. एकाच वेळी दोन्हीकडे मात्र जाऊ नका. ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते हातात घेत नाहीत.